बर्फावरचे घर

वैशाखातल्या दुपारी सिल्वासाच्या बाजारात बर्फाची लादी येते, तेव्हा ती गोणपाटात गुंडाळलेली आणि लाकडाच्या भुशाने माखलेली असते. विक्रेता तिच्यावर टोचा मारतो आणि काच फुटावी तसा तिचा एक कपचा तडकून खाली पडतो. बर्फाची ओळख बहुतेकांना एवढीच असते. ठोकला तर फुटेल, वाकवू गेल्यास मोडेल, उन्हात ठेवल्यास वितळेल. या तीन गतींपलीकडे त्याची चौथी गत होऊ शकते, अशी शंका दमणगंगेच्या काठी राहणाऱ्या माणसाच्या मनात येण्याचे काही कारण नाही.

परंतु अशी चौथी गत आहे. बर्फावर सतत भार राहिला आणि त्याला पुरेसा काळ मिळाला, तर तो न फुटता, न वितळता, घनरूपातच राहून आपला आकार बदलतो. तो दबतो, पसरतो आणि उताराच्या दिशेने सरकू लागतो. टोच्याच्या घावाने तडकणारी वस्तू आणि पर्वतावरून काकवीप्रमाणे ओघळत येणारी वस्तू एकच आहे, हे मान्य करावयास युरोपातील शास्त्रज्ञांना शंभराहून अधिक वर्षे लागली. आणि त्याच गुणधर्माशी गाठ पडल्यामुळे भारताला दक्षिण ध्रुवखंडावरील आपले पहिले घर सोडून द्यावे लागले. त्या शंभर वर्षांची आणि त्या घराची ही हकीकत आहे.

प्रथम ही चाल किती मंद असते याचा अंदाज घ्यावयास हवा. सर्वच हिमनद्या एका वेगाने चालत नाहीत; पण वर्षाला शंभर मीटर हा मध्यम वेग धरावयास हरकत नाही. खानवेल सिल्वासापासून सुमारे वीस किलोमीटरांवर आहे. मराठ्यांशी झालेल्या तहान्वये १७८३ साली नगर हवेली पोर्तुगीजांकडे गेली. त्या वर्षी खानवेलहून एखादा हिमखंड या वेगाने सिल्वासाकडे निघाला असता, तर २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले त्या दिवशीही तो गावापासून जवळजवळ तीन किलोमीटर दूर राहिला असता. एक राजवट येते, पावणेदोनशे वर्षे राहते आणि जाते. तेवढ्या काळात बर्फ तालुक्याचे अंतरही पुरते कापीत नाही. डोळ्यांना न दिसणारी ही गती प्रथम कोणाच्या लक्षात आली असेल, तर ती हिमनद्यांच्या शेजारी घरे करून राहणाऱ्या आल्प्समधील पहाडी लोकांच्या.

शास्त्रीय मोजणीची सुरुवात मात्र एका झोपडीपासून झाली. स्वित्झर्लंडमधील फ्रान्झ योसेफ हुगी या निसर्गाभ्यासकाने १८२७ साली उंटरआर हिमनदीवर दगडांची एक झोपडी बांधली. पुढे लुई अगासी हा तरुण प्राध्यापक त्या हिमनदीवर अभ्यासासाठी गेला, तेव्हा ती झोपडी मूळ जागेवर नव्हती. चौदा वर्षांत ती एक किलोमीटरहून अधिक अंतर खाली गेली होती. तिला कोणी हलविले नव्हते. जमीन समजून ज्यावर ती उभी केली, तीच जमीन चालत होती. अगासीने मग हिमनदीवर आडव्या रांगेत खुंट्या रोवल्या आणि त्यांच्या जागा वर्षानुवर्षे मोजल्या.

याच सुमारास जेम्स फोर्ब्स हा स्कॉटिश पदार्थशास्त्रज्ञ १८४२ साली शामोनीजवळच्या ‘बर्फाचा समुद्र’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हिमनदीवर मोजणीची दुर्बीण घेऊन पोहोचला. वर्षाच्या हिशेबावर तो थांबला नाही. त्याने दिवसाची, प्रसंगी तासांची चाल मोजली. त्यातून दोन गोष्टी निश्चित झाल्या. हिमनदी झटके देत सरकत नाही. ती रात्रंदिवस अखंड चालते. आणि तिचा मध्यभाग काठांपेक्षा जलद चालतो, जसा नदीच्या पाण्याचा चालतो. एखादा दगड उतारावरून घसरत असेल, तर त्याचा मध्य आणि कडा यांत असा फरक पडणार नाही. यावरून फोर्ब्सने निष्कर्ष काढला की, बर्फ हा अत्यंत घट्ट अशा द्रवासारखा, डांबरासारखा वाहतो.

या निष्कर्षाची एक कसोटी पुढे दुःखद रीतीने पार पडली. ऑगस्ट १८२० मध्ये माँ ब्लाँ शिखरावर चढणाऱ्या एका तुकडीवर हिमकडा कोसळला आणि तीन वाटाडे बर्फाच्या भेगेत गाडले गेले. शोध व्यर्थ ठरला. हिमनदीच्या वेगावरून फोर्ब्सने गणित मांडले की, सुमारे चाळीस वर्षांनी त्यांचे अवशेष खाली दरीच्या तोंडाशी बाहेर येतील. १८६१ च्या ऑगस्टमध्ये बोसाँ हिमनदीच्या पायथ्याशी ते खरोखरच बाहेर आले. एकेचाळीस वर्षे बर्फाने त्यांना जपले होते आणि एकेचाळीस वर्षे तो त्यांना वाहून आणीत होता. तरुणपणी गेलेल्या सोबत्यांचे अवशेष ओळखावयास जे आले, ते आता वृद्ध झाले होते.

हिमनदी वाहते हे अशा रीतीने सिद्ध झाले. पण ती कशी वाहते, हा प्रश्न उरलाच. लंडनच्या जॉन टिंडल यांना फोर्ब्सचे उत्तर मान्य नव्हते. त्यांचा आक्षेप साधा आणि बिनतोड वाटणारा होता. बर्फ ओढून पाहा, तो ताणला जात नाही, तुटतो. मग त्याला काकवीच्या पंक्तीस कसे बसवावयाचे? टिंडल यांनी मायकेल फॅरडे यांच्या एका निरीक्षणाचा आधार घेतला. बर्फाचे दोन ओले तुकडे एकमेकांस टेकविले की ते जुळून एक होतात, हे फॅरडे यांनी १८५० साली दाखविले होते. दाब वाढला की बर्फाचा वितळणबिंदू किंचित खाली जातो, हा सिद्धान्त जेम्स टॉमसन यांनी त्याच्या आदल्या वर्षी मांडला होता. टिंडल यांनी बर्फ लाकडी साच्यांत घालून यंत्राने दाबला. तो कडकड फुटला, त्याचे तुकडे पुन्हा गोठले आणि साच्याच्या आकाराचा एकसंध बर्फ बाहेर आला. हिमनदी वाहत नाही. ती क्षणोक्षणी फुटते आणि पुन्हा सांधली जाते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

१८७२ साली बॉटमली यांनी केलेला एक प्रयोग आजही शाळांतून दाखवितात, आणि बाजारातून आणलेल्या लादीवर तो कोणासही करता येतो. बर्फाची लादी दोन टेकूंवर आडवी ठेवावी, तिच्यावरून एक बारीक तार टाकावी आणि तारेच्या दोन्ही टोकांस जड वजने बांधावीत. तार हळूहळू बर्फात उतरते आणि अखेर खालून बाहेर पडते. लादी मात्र अखंड राहते. तारेखालचा बर्फ दाबाने वितळतो आणि तारेच्या वर आलेले पाणी पुन्हा गोठते.

हा प्रयोग इतका मनोवेधक आहे की, हिमनदीचे सारे रहस्य यातच आहे असे पुष्कळांना वाटले. परंतु हिशेब मांडला की अडचण दिसते. शंभर मीटर जाडीच्या बर्फाचा संपूर्ण भार घेतला, तरी त्याने वितळणबिंदू एका अंशाच्या दहाव्या भागाइतकाही खाली जात नाही. आल्प्समधील बर्फ शून्य अंशाच्या अगदी जवळ असतो. तेथे ही युक्ती एक वेळ चालेल. पण ध्रुवप्रदेशातील बर्फ शून्याखाली वीस-तीस अंश असतो, आणि तोही वाहतो. जो बर्फ दाबाने वितळूच शकत नाही, त्याच्या वाहण्याचे कारण वितळण्यात शोधून कसे चालेल?

उत्तर बर्फाच्या कणाच्या आतच दडलेले होते. बर्फ हा स्फटिकांचा बनलेला असतो आणि प्रत्येक स्फटिकात पाण्याचे रेणू षट्कोनी जाळीच्या थरांत रचलेले असतात. १८८८ ते १८९१ या काळात मॅककॉनेल या इंग्रज संशोधकाने स्वित्झर्लंडच्या थंडीत बर्फाच्या दांड्या टेकूंवर ठेवून त्यांवर दिवसचे दिवस वजने टांगली. शून्याखालच्या तापमानातही दांड्या न मोडता वाकल्या. एकेका स्फटिकावर प्रयोग केला तेव्हा दिसले की, पत्त्यांचा जोड दाबला असता पाने एकमेकांवरून सरकावीत, तसे स्फटिकाचे थर सरकतात. एकाएकी घाव घातला तर थरांना सरकण्यास अवसर मिळत नाही, म्हणून बर्फ फुटतो. मंद आणि सतत दाब दिला तर अवसर मिळतो, म्हणून तो वाहतो. फोर्ब्स आणि टिंडल यांच्या वादात दोघांचेही निरीक्षण खरे होते. फरक होता तो काळाचा.

पुढचा टप्पा महायुद्धाने गाठून दिला. अटलांटिक महासागरात विमानांना उतरण्यासाठी बर्फाचे प्रचंड तरते धावपट्टीचे जहाज बांधावे, अशी एक कल्पना ब्रिटिश युद्धयंत्रणेपुढे आली. तिच्या परीक्षणाचे काम मॅक्स पेरुट्झ यांच्याकडे आले. हिमोग्लोबिनच्या रचनेसाठी १९६२ साली नोबेल पारितोषिक मिळविणारे ते हेच. लंडनमधील मांसबाजाराच्या तळघरातील शीतगृहात, टांगलेल्या गोठलेल्या मांसाच्या पडद्याआड त्यांची प्रयोगशाळा होती. लाकडाचा लगदा मिसळल्यास बर्फ विलक्षण चिवट होतो, गोळीनेही फुटत नाही, हे तेथे दिसून आले. पण असा बर्फसुद्धा पुरेसा थंड राखला नाही, तर स्वतःच्याच भाराने कालांतराने खचतो, हेही दिसले. जहाज कधी बांधले गेले नाही. मात्र युद्धानंतर पेरुट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वित्झर्लंडमधील एका हिमनदीत शंभर मीटरहून खोल पोलादी नळी उतरविली. पुढील वर्षांत ती कशी कलत गेली हे मोजून त्यांनी दाखविले की, वरचा बर्फ तळाच्या बर्फापेक्षा जलद चालतो.

याच परंपरेत केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेतील जॉन ग्लेन यांनी १९५२ आणि १९५५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधांतून या चालीचा नियम सांगितला. वितळणबिंदूच्या जवळ आलेला धातू भाराखाली जसा सावकाश ताणला जातो, तसाच बर्फ वागतो, ही त्यामागची दृष्टी होती. लोखंड तापून लाल व्हावे तेव्हा कोठे ते असे मऊ होते. बर्फ मात्र नेहमीच आपल्या वितळणबिंदूच्या शेजारी राहतो. म्हणजे थंडगार दिसणारा बर्फ, त्याच्या स्वतःच्या मापाने पाहिल्यास, भट्टीतल्या लोखंडाइतका तापलेला असतो. ग्लेन यांना आढळले की, आकार बदलण्याचा वेग ताणाच्या साधारण तिसऱ्या घाताने वाढतो. ताण दुप्पट झाला की वेग आठपट होतो. ताण दहावा भाग झाला की वेग हजारावा भाग उरतो. २०२२ साली अंटार्क्टिकावरील उपग्रहनिरीक्षणांतून काही ठिकाणी हा घात चारच्या जवळ असल्याचे सुचविण्यात आले. पण नियमाचे रूप तेच राहिले आहे.

सिल्वासाच्या बर्फवाल्याला ही चौथी गत कधीच का दिसत नाही, याचे उत्तर या नियमात आहे. लादीचा स्वतःचा भार हिमनदीच्या तळाशी असणाऱ्या ताणाच्या एका लहानशा अंशाइतका. म्हणून तिची चाल हजारपटींनी मंद. ती चाल दिसू लागण्याच्या आत लादी विकली गेलेली असते, किंवा तिचे पाणी झालेले असते.

बर्फाच्या शास्त्राची ही शिदोरी जगाजवळ तयार असताना भारताने दक्षिणेकडे पाऊल टाकले, आणि त्याचा आरंभ गोव्यातून झाला. १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झालेल्या गोव्याच्या किनाऱ्यावरून, वीस वर्षे पुरी होण्यास तेरा दिवस उरले असताना, ६ डिसेंबर १९८१ रोजी ‘पोलर सर्कल’ हे भाड्याने घेतलेले नॉर्वेजियन जहाज एकवीस जणांना घेऊन निघाले. डॉ. एस. झेड. कासिम हे नेते होते. ९ जानेवारी १९८२ रोजी भारतीयांचे पाय अंटार्क्टिकाच्या बर्फास लागले आणि २१ फेब्रुवारीस जहाज गोव्यास परतले. डॉ. हर्ष गुप्ता यांच्या नेतृत्वाखाली १९८३-८४ साली गेलेल्या तिसऱ्या मोहिमेने तेथे घर बांधले. नागपुरात जन्मलेल्या आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम करणाऱ्या डॉ. अदिती पंत याच मोहिमेत होत्या. त्या आणि डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता या भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर पोहोचलेल्या पहिल्या स्त्रिया.

त्या घराचे नाव ‘दक्षिण गंगोत्री’ ठेवण्यात आले. हिमालयातील गंगोत्री ही हिमनदीच्या मुखाची भूमी. तिचे नाव दुसऱ्या टोकाच्या हिमप्रदेशास देण्यात औचित्य होते. लष्कराच्या अभियंत्यांनी थोड्या आठवड्यांच्या उन्हाळ्यात ते उभे केले आणि कर्नल एस. एस. शर्मा यांच्या नेतृत्वाखाली बारा जणांनी १९८४ चा पहिला हिवाळा त्यात काढला. सूर्य उगवत नाही अशा दीर्घ रात्रीत ते घर म्हणजे त्यांचे सारे जग होते. पुढे तेथे टपालकचेरीही आली आणि तिचा संबंध गोव्याच्या टपाल विभागाशी जोडण्यात आला.

परंतु हे घर खडकावर उभे नव्हते. ज्यावर ते उभे होते तो हिममंच, म्हणजे भूमीवरून ओघळत येऊन समुद्रावर तरंगणारा बर्फाचा जाड थर. अशा ठिकाणी पडलेले हिम उन्हाळ्यातही जात नाही. वाऱ्याला अडथळा झाला की त्याच्या आडोशाला हिमाचे ढीग साचतात, आणि घर हा तेथला सर्वांत मोठा अडथळा. वर्षागणिक थरावर थर चढतो, खालचा थर दबून घट्ट होतो, त्याचा बर्फ होतो आणि तो बर्फ भाराखाली सर्व बाजूंनी आत सरकू पाहतो. छप्पर जमिनीच्या पातळीस येते, मग तिच्या खाली जाते; दारातून आत शिरण्याऐवजी वरून खाली उतरावे लागते. दक्षिण गंगोत्रीचे हेच झाले. काही वर्षांतच ते घर हिमाखाली गाडले गेले आणि १९९० साली ते सोडून देण्यात आले.

हा अनुभव एकट्या भारताचा नव्हता. ब्रिटिशांनी १९५६ साली तरंगत्या बर्फावर हॅली हे ठाणे उभारले. ते गाडले गेले, त्याच्या जागी दुसरे आले, तेही गेले. पहिल्या चारही ठाण्यांची गत तीच झाली. शेवटी उंच पायांवर, आणि पुढे पायांना घसरपट्ट्या लावून ओढून नेता येईल असे ठाणे बांधावे लागले. ग्रीनलंडमध्ये अमेरिकनांनी १९५९-६० साली बर्फाच्या पोटात बोगदे खणून ‘कॅम्प सेंच्युरी’ नावाची वसाहत केली, तिला अणुभट्टीची वीज दिली. पण बोगद्यांच्या भिंती आत सरकत राहिल्या. त्या तासून बर्फ सतत बाहेर टाकावा लागे. अणुभट्टी काही वर्षांतच काढून नेण्यात आली आणि १९६७ साली वसाहतही सोडण्यात आली. दक्षिण ध्रुवावर रोवलेली खूण तर बर्फाबरोबर वर्षाला सुमारे दहा मीटर सरकते. म्हणून दर नव्या वर्षी ती खऱ्या ध्रुवावर पुन्हा रोवावी लागते. हुगीची झोपडी आणि ही सारी ठाणी यांच्यात दीडशे वर्षांचे अंतर आहे. पण धडा एकच आहे.

भारताने तो धडा घेतला. ‘मैत्री’ हे दुसरे ठाणे १९८९ साली शिर्माखेर टापूतील उघड्या खडकावर उभारले गेले, आणि २०१२ साली कार्यान्वित झालेले ‘भारती’ लार्समन टेकड्यांच्या खडकावर. मैत्रीचे बांधकाम मोजक्याच वर्षांच्या सोयीने झाले होते. पण पायाखाली खडक असल्याने त्यात माणसे दशकांनंतरही राहत आली. १९९८ पासून गोव्यात वास्को येथे ध्रुवीय संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आहे. बाहेर दमट उकाडा असताना आत शून्याखाली पुष्कळ अंश थंड ठेवलेल्या दालनात अंटार्क्टिकाहून आणलेले बर्फाचे गाभे तेथे जतन केले जातात, आणि २०१६ पासून हिमालयात स्पितीच्या उंचीवर ‘हिमांश’ या ठाण्यातून तेथील हिमनद्यांची चालही हे केंद्र मोजते.

हे मोजमाप केवळ विद्वानांच्या कुतूहलासाठी नाही. २००२ च्या उन्हाळ्यात अंटार्क्टिकाच्या द्वीपकल्पाजवळील ‘लार्सन बी’ हा हिममंच काही आठवड्यांत फुटून गेला. सुमारे ३२५० चौरस किलोमीटर बर्फ. म्हणजे ४९१ चौरस किलोमीटरांच्या दादरा-नगर हवेलीच्या साडेसहापट. तो आधीच पाण्यावर तरंगत असल्याने त्याच्या फुटण्याने समुद्र चढला नाही. पण तो मागच्या हिमनद्यांना बांधासारखा अडवून होता. बांध जाताच त्या हिमनद्यांचा वेग कित्येक पटींनी वाढला, आणि त्यांचा बर्फ मात्र भूमीवरचा होता. तो समुद्रात आला की पाणी वाढते. अंटार्क्टिकाचा सारा बर्फ वितळला, तर समुद्र सुमारे ५८ मीटर चढेल. आजच्या पिढ्यांच्या हयातीत हे घडणारे नाही. तथापि त्याचा अल्पसा अंशही किनाऱ्यावरच्या गावांना पुरेसा आहे. समुद्र किती आणि किती लवकर चढेल, याचा अंदाज करणारी गणिते आजही ग्लेन यांच्या नियमावर उभी आहेत. तिसरा घात की चौथा, हा वरवर शुष्क वाटणारा प्रश्न अशा रीतीने किनाऱ्यावरच्या घरादारांचा प्रश्न होतो.

सिल्वासावरून वाहणारी दमणगंगा दमणजवळ समुद्रास मिळते, आणि २०२० पासून ही दोन्ही गावे एकाच केंद्रशासित प्रदेशात आहेत. दमणच्या किनाऱ्यावर भरतीच्या वेळी नदीचे पाणी तुंबून मागे हटते. त्या भरतीची रेषा पुढील शतकात कोठवर येईल, हे काही अंशी दहा हजार किलोमीटरांहून दूर, अंधारात, स्वतःच्या भाराखाली निमूटपणे सरकणाऱ्या बर्फावर अवलंबून आहे. दक्षिण गंगोत्री आता त्याच बर्फाच्या पोटात आहे. ज्या बारा जणांनी त्यात पहिला हिवाळा काढला, त्यांच्या छताखालची जमीन तेव्हाही थांबलेली नव्हती, आणि आजही ती थांबलेली नाही.